तीन ठिपके आणि एक रेघ

माझ्या नडग्यांवर किती पोरं न्हाऊन गेली, ते मी कधी मोजलं नाही. पोरं मोजू नयेत म्हणतात, आणि खरं सांगायचं तर शंभराच्या पुढं मोजायला मला उशिराच आलं. शाळा मी पाहिली ती बाहेरून. अक्षरं शिकले धाकट्या पोरीच्या पाटीवर, ती झोपल्यावर. त्यामुळं इथं काही चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या. ज्यांनी मला ह्या अंकासाठी लिहायला बसवलं, ते साहेबही माझ्याच पायांवर न्हालेले आहेत. लहानपणी लई रडायचे.

माझं काम बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. सोलापुरात सकाळी सहाला घरातून निघायचं आणि दुपारपर्यंत तीन-चार घरं करायची. बाळंतिणीला तेल लावून कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, मग शेक. बाळाला पाय लांब करून नडग्यांवर पालथं घ्यायचं, तेल जिरवायचं, मसुराच्या पिठानं चोळायचं, पाणी घालायचं, ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची आणि घट्ट गुंडाळून ठेवायचं. ऐकायला एवढंच आहे. पण पाणी किती कढत, हे कोपरानं ओळखावं लागतं, आणि पोर कशानं रडतंय, हे कानानं. भुकेचं रडणं वेगळं, पोटाचं वेगळं, आणि कातडीचं वेगळं. कातडीचं रडणं बारीक असतं. सुरू होतं आणि थांबतच नाही.

लंगोटाचं कापडही आमच्याच हातात असायचं. नवं कापड बाळाला कधी घालायचं नाही. त्यात खळ असते, ती कोवळ्या मांड्यांना घासते. जुनं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं सुती कापड घ्यायचं. त्यातही भरपूर जगलेल्या माणसाचं असेल तर बरं, तेवढं आयुष्य पोराला लागतं म्हणायचे. ते कापायचं नाही, टरकवायचं, म्हणजे कडा मऊ राहते. शिवण घालायची नाही. मी डावखुरी, त्यामुळं माझी घडी इतरांपेक्षा उलटी. माझ्या लंगोटाची गाठ नेहमी बाळाच्या उजव्या कुशीला यायची आणि कापडाचा काठाकडचा कोपरा गाठीखाली दबायचा. बायका हसायच्या. 'मावशीचं पोर लांबून ओळखू येतंय की,' म्हणायच्या.

ही हसण्यावारी नेलेली गोष्ट पुढं काय करून बसली, ते सांगते.

दुष्काळाचं वर्ष होतं. तळ्याचा तळ दिसत होता, चिखल वाळून त्याच्या खपल्या निघाल्या होत्या. नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नव्हतं, आणि आलं तर आधी प्यायचं. बाळाचे दिवसाला पंधरा-वीस लंगोट धुवायचे कशानं? बायका तसेच ओले वाळवून पुन्हा बांधायच्या आणि पोरांच्या मांड्या सोलून निघायच्या. मला ते बघवेना. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की धुवायचेच नाहीत. वापरायचे आणि टाकून द्यायचे.

आता दुकानात चकचकीत पिशवीत तसले टाकायचे लंगोट मिळतात, वर गोऱ्या बाळाचं चित्र असतं. ते बघून मला हसू येतं. कारण ही युक्ती सोलापुरात मी दुष्काळातच करून बसले होते. भांड्यांवर जुने कपडे घेणारी कासाबाई बोहारीण माझ्या ओळखीची. तिच्याकडून मी पांढरी जुनी धोतरं घ्यायची, टरकवायची, माझ्या पद्धतीनं घड्या घालून गठ्ठे बांधायची आणि घरोघर द्यायची. भरलं की उकिरड्यावर टाका आणि दुसरं घ्या. पोरांच्या मांड्या आठ दिवसांत गुळगुळीत झाल्या. मी लई मिरवले तेव्हा.

मग एकदा कासाबाईनं सहा धोतरं आणली. इतकं मऊ सूत मी आधी हातात घेतलं नव्हतं.

"कुणाची गं?" मी विचारलं.

"चांगल्या घरची हायती," ती म्हणाली. "तुला काय करायचंय? पोराच्या ढुंगणाला घर बघायचंय व्हय?"

आम्ही दोघी हसलो. शेजारच्या दोघी-तिघी आल्या होत्या, गप्पा मारत मारत मी सहाही धोतरं टरकवली. माझं तोंड चालू असलं की हात आपोआप चालतात. त्या गठ्ठ्यांतले लंगोट मी तीन घरी दिले. एक विणकरांच्या गल्लीतलं घर, तिथं पद्माला मुलगा झाला होता, व्यंकटेश. दुसरं बाजारातल्या वाण्यांचं, तिथं गिरिजाची मुलगी. तिसरं गिरणीच्या चाळीतलं जैतूनबीचं. तीन घरं तीन टोकांना. एकीनं दुसरीचं तोंड पाहिलेलं नाही.

पहिल्यांदा मला ते दिसलं पद्माच्या घरी. व्यंकटेश अकरा दिवसांचा होता. पालथा घेतला, लंगोट सोडला, तर उजव्या कुशीला, कमरेच्या जरा वर, तीन तांबडे ठिपके. एका ओळीत, सारख्या अंतरावर. त्यांच्याखाली एक आडवी रेघ. कट्ट्यावर तीन माणसं ओळीनं बसावीत, तसं दिसत होतं. मला वाटलं, ढेकूण चावला. पण ढेकूण रेघ मारत नाही. बोट लावलं तर ठिपक्यांत पाणी धरलेलं, आणि पोर ते बारीक रडणं रडायला लागलं.

पद्माची सासू राजव्वा शेगडीपाशी बसली होती. ती उठून आली आणि वाकून बघत राहिली.  चुलीजवळचं मीठ मुठीत घेऊन पोरावरून उतरलं आणि विस्तवात टाकलं. मीठ तडतडलं नाही, म्हणजे दृष्ट उतरली नाही; ते तिलाही कळलं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी जैतूनबीच्या घरी गेले. तिनं मला दारातच धरलं. "देखो माँ, कीड़ा काट्या क्या की," म्हणत पोरीची कमर दाखवली. तीन ठिपके, एक रेघ. उजव्या कुशीला.

मी तिथंच खाली बसले. तिला वाटलं, ऊन लागलं मला.

तिथून उठून बाजारात गिरिजाकडं गेले ती जवळजवळ पळतच. वाटेत एक गल्ली लागते, तिथं मागांचा खटखटाट दिवसभर चालायचा. त्या दिवशी वीज नव्हती, सगळे माग बंद. इतक्या वर्षांत मी ती गल्ली गप्प कधी ऐकली नव्हती. भर दुपारी माझ्याच चपलांचा आवाज मागून कुणी चालल्यासारखा यायचा. गिरिजाची पोर झोपली होती. गिरिजाला काही कळायच्या आत मी दुपटं बाजूला केलं. होतं. तेही तसंच. मोजून मापून उमटवल्यासारखं.

मग मी सगळं तपासलं. पीठ बदललं, तेल बदललं. हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या. घरी आल्यावर दार लावून आरशात माझीच कंबर बघितली. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा कंबर बघेपर्यंत मी श्वास धरला होता. तिन्ही घरांत सारखं एकच होतं, आणि ते म्हणजे मी.

आणि लंगोट? तेही आठवले मला. पण ज्या दिवशी ते पोरांच्या अंगावर होते, त्याच दिवशी उकिरड्यावर गेले होते. वापरलेला एकही बघायला राहिला नव्हता. धुऊन दोरीवर वाळत घातले असते, तर कुणाच्या तरी नजरेला पडलं असतं. माझ्याच शहाणपणानं पुरावा रोजच्या रोज फेकला जात होता.

विणकरांच्या गल्लीत बोलणं सुरू झालं. आणखी दोन घरच्या पोरांना असंच झालंय हे कुणीतरी बाजारातून ऐकून आलं. राजव्वा मला म्हणाली, "ज्यांना न्यायचंय, त्यांच्यावर ते खूण करून चाललंय. आधी खूण, मग न्यायला येणार."

"कोण येणार, राजव्वा?"

"नाव घ्यायचं नसतं. नाव घेतलं की त्याला घर कळतं."

पद्मा पोराला छातीशी धरून भिंतीला टेकली होती. रात्रंदिवस ती त्याला खाली ठेवत नव्हती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी निघताना तिनं माझा पदर धरला. सासूला ती अव्वा म्हणायची. "मावशी, अमावास्येला अव्वा ह्याला बिब्बा लावणार हायत. खुणेवर खूण करायची म्हनत्यात, म्हंजे त्याची खूण पुसती. इवलंसं हाय ओ ते. तुमी कायतरी सांगा की त्यांना."

हा बिब्ब्याचा प्रकार बाहेरच्यांना सांगायला हवा. बिब्बा म्हणजे काळं, बदामाएवढं फळ, आत जाळणारं तेल असतं. दृष्ट लागू नये म्हणून ते पाळण्याला बांधतात. आणि काही लोक सुई तापवून, बिब्ब्यात बुडवून, दुखऱ्या जागी चटका देतात. मोठं माणूसही त्यानं चार दिवस विव्हळतं.

अमावास्येला तीन दिवस होते. मी पद्माला म्हणाले, "बघते."

घरी आले. त्या गठ्ठ्यांतला एक माझ्याकडं उरला होता, म्हटलं हा जाळून टाकावा, मनाला तेवढंच बरं. चुलीपुढं बसून एकेक घडी सोडून विस्तवात टाकायला लागले. पाचवी की सहावी घडी उघडली आणि हात थांबला. कापडाच्या कोपऱ्यावर तीन काळे ठिपके होते. त्यांच्याखाली रेघ.

लंगोट कोरा होता, एकाही पोराच्या अंगाला लागलेला नव्हता. माझ्या घरात, माझ्या ट्रंकेत बंद होता. त्या क्षणी मला वाटलं की पोरांच्या अंगावरचं ते माझ्या मागोमाग घरात आलंय आणि कापडात शिरून बसलंय.  किती वेळ तशी बसले कोण जाणे. मग चुलीच्या उजेडात ते कापड डोळ्यांजवळ नेलं, आणि त्या काळ्या डागाच्या ओळखीच्या वासावरून कळलं. खूण परटाची होती, कपडे कुठल्या घरचे ते ओळखायची.

ती मी आधी बघितली नसेल का? सहा धोतरं टरकवताना सहा वेळा डोळ्यांसमोरून गेली असणार. पण परटाची खूण कुणी बघतं का? प्रत्येक घरच्या प्रत्येक कपड्यावर ती असते, म्हणून ती कुणालाच दिसत नाही.

तसाच तो लंगोट घेऊन मी दगडू परटाकडं गेले. विहिरीच्या कोरड्या कट्ट्यावर बसून तो गाठोडी सोडत होता.

"दगडूदादा, ही खूण तुजी?"

त्यानं बघितलं. "माजीच की. तीन टिंबं आन् खाली रेघ. त्या जुन्या मास्तरांच्या घरची."

"कशानं घालतोस ही?"

त्यानं शेजारचा बिब्बा उचलून दाखवला, त्यात सुई खोचलेली. "ह्यानं. वरनं चुना लावला की जन्मात जात न्हाय." त्याच्या बोटांची टोकं काळी, चामड्यासारखी झाली होती. "आमच्या पोरांना धंद्यात घातलं की पयल्या साली हाताला फोड येतात. मग कातडं मरतंय. कपडा धा वेळा धुतला की बिब्ब्याची आग कमी हुती. पर औंदा पानी कुटं हाय? ती धोतरं मास्तरांच्या घरीच धुवायची, माज्याकडं पयल्यांदाच आली; नवी खूण घातली आन् एकदाच पान्यातनं काढली."

"लगेच फोड येतात?"

"न्हाय. दुसऱ्या-तिसऱ्या दिशी फुलतंय. तोवर माणूस इसरून जातंय कशाला हात लावला हुता ते."

सगळं एका धाग्यात ओवल्यासारखं जुळलं. माझी उलटी घडी, गाठीखाली दबलेला कोपरा, ओल आणि ऊब. तीन घरच्या तीन पोरांच्या एकाच कुशीला.

जाता जाता विचारायला नको होतं ते मी विचारलं. "मास्तरांनी एवढी चांगली धोतरं का काढली?"

"मास्तर गेले की. महिना झाला. दिवसकार्य झाल्यावर घरच्यांनी कपडे देऊन टाकायला म्हनून धुवायला घातले." दगडूनं गाठोड्याला गाठ मारली. "लई जीव अडकला हुता त्यांचा. सुनेला पोर हुईना. शेवट-शेवट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, एक लेकरू एकदा मांडीवर द्या रे माज्या."

विहिरीवर ऊन होतं, तरी मी पदर घट्ट लपेटून घेतला. मांडीवर लेकरू हवं होतं त्या माणसाला. आणि त्याच्या धोतरात मी तीन लेकरं गुंडाळली होती.

आता मला जे करायचं होतं ते सोपं होतं. तीन घरी जायचं आणि सांगायचं. गिरिजाकडं आणि जैतूनबीकडं मी त्याच संध्याकाळी गेले. म्हटलं, कापडाला बिब्ब्याचा डाग होता, खोबरेल लावा, बरं होईल. कापड कुणाचं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पण राजव्वा विचारणार होती. ती खोलात जाणारी बाई. मेलेल्या माणसाचं धोतर, तेही लेकरासाठी झुरून मेलेल्या माणसाचं, मी तिच्या अकरा दिवसांच्या नातवाला बांधलं, हे कळल्यावर विणकरांच्या सगळ्या गल्लीत मला कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. माझी निम्मी घरं तिथली. मी विधवा, पदरी तीन पोरं. म्हटलं, उद्या जाऊ. काहीतरी बरं बोलणं जुळवू आणि उद्या सांगू. अमावास्येला अजून अवकाश आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर दारातच तो वास आला. बिब्बा जळल्याचा. चटके देणारा म्हातारा दुसऱ्या गावी जायचा होता, म्हणून तो आधीच येऊन गेला होता. व्यंकटेश रडत नव्हता. डोळे उघडे ठेवून आढ्याकडं बघत होता. कमरेवर ठिपके दिसत नव्हते, त्यांच्या जागी फुलीसारखा काळा चटका होता, आणि भोवती तळहाताएवढं सुजलेलं.

राजव्वा म्हणाली, "पुसली खूण. आता त्याला घर सापडायचं न्हाय."

पद्मानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मग पाय लांब केले आणि नेहमीसारखं पोर मागितलं. त्याला सात दिवस ताप होता. त्या सात दिवसांत मी रोज दोन वेळा जायची, दूध-साखरेचं बोट चोखवायची, जखमेवर तूप लावायची. सगळे म्हणायचे मावशीचा लई जीव आहे पोरावर. पोर जगलं. मी बोलले नाही. ठिपके सहा महिन्यांत कुणाच्याही अंगावर राहिले नसते. गिरिजाच्या पोरीच्या अंगावर काही राहिलं नाही, जैतूनबीच्याही नाही. राहिली ती व्यंकटेशची फुली.

ते टाकायचे लंगोट मी त्या वर्षीच बंद केले. पाऊस झाला, पाणी आलं, बायका पुन्हा धुवायला लागल्या. मी प्रत्येक कपड्याचे चारही कोपरे उजेडात धरून बघायची. अजून बघते.

मधे पस्तीसेक वर्षं गेली. गुडघे गेल्यावर मी काम सोडलं होतं. एक दिवस दारात उंच, वाळका माणूस उभा. "मावशी, मी पद्माचा व्यंकटेश. बायको बाळंत झालीय. आई म्हनली, मावशीलाच आण, एकदा तरी."

रिक्षातून जाताना तो बोलत होता. चिंचोळीच्या कारखान्यात होता. लग्न उशिरा केलं. अव्वानं त्याला कधी तळ्यावर जाऊ दिलं नाही, कधी दुसऱ्या गावी राहू दिलं नाही. सुरतेला चांगलं काम मिळत होतं, तिकडंही गेला नाही. दर अमावास्येला त्याच्यावरून अंडं उतरायचं. "मला न्यायचं हुतं म्हंत्यात कुनाला तरी," तो म्हणाला, जसं कुणी आपल्या गावाचं नाव सांगावं तसं. "अजून मी एकटा असलो की मागं बघतो. सवय झालीय. आहे कोनतरी, येवढं म्हाईत हाय."

घरी पद्मा होती, केस पांढरे. राजव्वा फोटोत. मी पाय लांब केले, बाळ घेतलं. अंगावर दुकानातला तो चकचकीत लंगोट, दोन्ही बाजूंना चिकटपट्ट्या. पट्टी सोडली तर खाली कातडीवर लालसर ठिपक्यांची ओळ, आणि लवचिक पट्टीचा आडवा वळ. उजव्या कुशीला.

व्यंकटेश दारात उभा होता. त्यानं ते बघितलं. त्याचा चेहरा असा झाला की माझे हात तेलातच थांबले. त्यानं आपला हात शर्टावरून कमरेला लावला होता. "मावशी," तो हळूच म्हणाला, "ह्याच्यावर बी आलं."

पद्मा उठून आतलं मीठ घ्यायला निघाली होती.

"खाली बस पद्मा," मी म्हणाले. "तूही बस, व्यंकटेश."

बाळाला नडग्यांवर ठेवूनच मी सांगितलं. आधी ह्या लंगोटाचं, की हा पट्टीचा वळ आहे, घाम आणि घट्टपणा, तासाभरात जाईल. मग ते दुसरं. मास्तरांचं धोतर आणि लेकरासाठी अडकलेला त्यांचा जीव, दगडूचा बिब्बा, माझी उलटी घडी. मला एक दिवस आधी ठाऊक होतं, तेही सांगितलं. गल्ली तुटेल म्हणून गप्प बसले, तेही. सांगताना मी पाणी घालत होते, कारण हात रिकामे असते तर मला बोलता आलं नसतं.

पद्मा उठून उभी राहिली. "एक दिवस," एवढंच म्हणाली, आणि आत गेली. मला वाटलं, व्यंकटेश चिडेल. चिडावं, असंही वाटत होतं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"म्हंजे कुनीच नव्हतं?"

"कुणीच नव्हतं रे बाबा."

घरातलं कुणी मेल्यावर माणसं जशी बसतात, तसा तो बसला होता. पस्तीस वर्षं जे त्याच्या मागं चालत होतं, ते मी एका बादली पाण्यात वाहवून टाकलं होतं. तो मोकळा झाला असं मला वाटायला हवं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर मोकळेपणा नव्हता, एकटेपणा होता.

बाळ गुंडाळून मी त्याच्या हातात दिलं. त्यानं ते मांडीवर घेतलं. मग त्यानं विचारलं, "त्या मास्तरांना पोर हवं हुतं, म्हनला तुमी?"

"व्हय. एकदा मांडीवर, एवढंच."

त्यानं आपल्या मांडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. पहिल्यांदाच हसल्यासारखा दिसला.

"मग हुतं की मावशी, कुनीतरी."